ठाणे खाडीचा कर्ब मोजताना गणित कुठे फसतं

ठाणे खाडीच्या चिखलात हेक्टरी किती सेंद्रिय कर्ब साठलाय, हे काढायचं सूत्र एका ओळीचं आहे. स्थूल घनता (सुक्या मातीचं वजन भागिले तिचं मूळ आकारमान, ग्रॅम प्रति घन सेंमी) गुणिले थराची जाडी (सेंमी) गुणिले कर्बाची टक्केवारी. उत्तर थेट टनांत मिळतं: घनता ०.८, जाडी १० सेंमी, कर्ब २ टक्के, म्हणजे हेक्टरी १६ टन. टक्केवारी ०.०२ अशी भरली असेल तर पुढे १०० ने गुणावं लागतं, म्हणून तक्त्यातल्या स्तंभाच्या नावातच एकक लिहा.

खरी गोम जाडीत आहे. नमुना घ्यायची नळी चिखलात १०० सेंमी गेली आणि आत गाभा (नळीत शिरलेला मातीचा उभा नमुना) ८५ सेंमीच भरला, तर माती दबली आहे. नळी उपसण्याआधीच तिच्या तोंडापासून आतल्या आणि बाहेरच्या चिखलापर्यंतची खोली मोजून घ्या. दाब सगळीकडे सारखा धरला तर कापलेला १० सेंमीचा थर मुळात सुमारे ११.८ सेंमीचा होता. मग घनताही मूळ आकारमानावरूनच काढायला हवी. नुसती जाडी दुरुस्त केली तर साठा जवळजवळ १८ टक्क्यांनी फुगतो, आणि हिशोबाचा कोड कुठेही अडत नाही!

प्रयोगशाळेतही सांभाळा. वॉकली-ब्लॅक पद्धतीत (किती डायक्रोमेट खर्च झालं यावरून कर्ब मोजतात) खाऱ्या चिखलातलं क्लोराइड डायक्रोमेट खातं आणि कर्ब जास्त दिसतो. जाळून वजन घटवण्याच्या पद्धतीत चिकणमातीतलं बांधलेलं पाणीही उडतं, त्यामुळे सेंद्रिय पदार्थावरून कर्ब काढायचा शेतजमिनीसाठीचा ०.५८ चा गुणक इथे डोळे झाकून लावू नका. काही नमुने मूलद्रव्य विश्लेषकावर (कर्ब थेट मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून स्वतःचं समीकरण बसवा. त्याआधी शिंपल्यांचा चुना हायड्रोक्लोरिक आम्लाने काढा. शहरी खाडी असल्यामुळे प्लास्टिकचे तुकडे दळण्याआधीच वेचा. यंत्राला प्लास्टिकचा कर्बही सेंद्रियच वाटतो.

आता पायथन. तक्ते हाताळणाऱ्या पांडाज या पायथन लायब्ररीतली बेरीज रिकामी नोंद गुपचूप वगळते. दहापैकी एका थराचा अहवाल आला नसेल, तर त्या गाभ्याचा साठा कमी भरतो आणि इशारा येत नाही. आधी प्रत्येक गाभ्याचे थर मोजा, अपुरे गाभे बाजूला काढा, मगच बेरीज करा.

अनिश्चितता काढताना पुनर्नमुने (असलेल्या नमुन्यांतूनच पुन्हापुन्हा केलेली यादृच्छिक निवड) गाभ्यांचे घ्या, थरांचे नकोत. एकाच गाभ्यातले थर एकमेकांवर अवलंबून असतात; त्यांना सुटे धरलं तर त्रुटीची पट्टी खोटी अरुंद होते. कांदळवन आणि उघडा चिखल यांची सरासरीही वेगवेगळी काढा.

हेक्टरी साठ्यावरून एकूण साठा काढायला क्षेत्रफळ लागतं; त्यासाठी नकाशा अक्षांश-रेखांशात ठेवू नका, ईपीएसजी ३२६४३ या मीटरमधल्या नकाशा-प्रणालीत बदला. उपग्रहचित्र ओहोटीचं निवडा, नाहीतर उघड्या चिखलाचा मोठा पट्टा पाणी म्हणून गळतो.