कोमितिया सेंचुरियाता गेम: 280 चा गुंता सुटला!

मंडळी, प्राचीन रोममधल्या कोमितिया सेंचुरियाता या मतदानाच्या सभेवर मी गेम बनवतोय, त्यातलं कोडं काल रात्री दीड वाजता सुटलं एकदाचं! तीन आठवडे डोकं खात होतं. नागरिक संपत्तीनुसार पाच वर्गांत, आणि प्रत्येक वर्ग सेंचुरिया नावाच्या मतगटांत, एका सेंचुरियाचं एक मत. या सभेच्या रचनेत पुढे सुधारणा झाली, त्यानंतरच्या सेटअपमध्ये पहिल्या वर्गाचं सोपं आहे, 35 ट्राइब (नागरिकांचे विभाग), प्रत्येकीचे तरुण आणि ज्येष्ठ असे दोन गट, म्हणजे 70 सेंचुरिया. पण उरलेल्या चार वर्गांना तोच हिशोब लावला की 280 गट होतात आणि एकूण 193 मधून त्यांच्या वाट्याला येतात फक्त 100. कसे बसवायचे? मी आधी लहान ट्राइबांना अर्धं मत देऊन बघितलं, गेम पार मेला.

मग ताबुला हेबानाकडे वळलो, 1947 मध्ये टस्कनीत सापडलेला कांस्यपट, रोमन राजघराण्यातला जर्मानिकस इ.स. 19 मध्ये वारल्यावर दिलेल्या सन्मानांचा. त्यात 33 ट्राइब चिठ्ठ्या टाकतात तशा सोडतीने 15 सेंचुरियांत वाटल्यात! म्हणजे एका सेंचुरियात दोन-तीन ट्राइब मिळून मत देतात. इतिहासकार मॉम्सेनने असंच काहीतरी आधीच सुचवलं होतं, आता पटलं. गेममध्ये मी दुसऱ्या वर्गाला 20 दिल्यात, तरुणांच्या 35 ट्राइब 10 सेंचुरियांत, पाचांत तीन-तीन, पाचांत चार-चार, ज्येष्ठांचंही तसंच. बरोब्बर बसतं, आणि दर निवडणुकीला नवी सोडत असल्याने कोण कोणासोबत पडेल कळत नाही, हेच तर हवं होतं!

टेस्टमध्ये अश्वारोहींच्या (घोडेस्वारांच्या) 18 सेंचुरिया, पहिल्या वर्गाच्या 70 आणि सुतारांची 1 मिळून 89 झाली, बहुमत 97 ला, म्हणजे दुसऱ्या वर्गातली फक्त 8 पुरली, रोमन वक्ता सिसेरो सांगतो तेच. मतं वरून क्रमाने घेतात आणि बहुमत झालं की थांबतात, म्हणून खालच्या तीन वर्गांचा नंबरच लागला नाही, आणि हे बघून खरंच वाईट वाटलं.

सोडतीच्या मण्यांचा मात्र वैताग. पिशवीतून काढायला ऑनलाइन मागवलेले 35 लाकडी मणी, प्रत्येक ट्राइबचा एक, लहानमोठे निघाले, हाताला कळतात, सोडतीला अर्थच राहत नाही. त्या पटावरच लिहिलंय की गोळे शक्य तितके सारखे हवेत आणि फिरत्या कलशात टाकायचे! आता लिहितालिहिता सुचतंय, पिशवी कशाला, तंबोल्याचा फिरता पिंजरा घेतो की. मणी सुताराकडून लेथवर करून घेईन, त्याच्यासारखं माप कुणाचंच नाही.

लाल झेंड्याचा नियमही पुढच्या वेळेला टाकतोय, रोममधल्या जानिकुलम टेकडीवरचा झेंडा उतरला की सभा तिथेच मोडली, इ.स.पू. 63 मध्ये राबिरियसच्या खटल्यात प्रेटर मेटेलस केलेरने तेच केलं. झेंडा उतरवायचा हक्क फक्त प्रेटरला (कॉन्सुलच्या खालोखालचा अधिकारी) ठेवू की कॉन्सुललाही (सर्वोच्च अधिकारी)? सांगा.