मागचा डिस्क ब्रेक: ४,३०० किलोमीटरनंतरचं काम

मागच्याच्या मागच्या रविवारी कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून पुणे शहराकडे उतरत होतो. रस्ता ओला होता. दुसऱ्याच वळणावर मागचा लिव्हर थेट हँडलला टेकला आणि वेग मात्र जेमतेम कमी झाला. पुढच्या ब्रेकवर निभावलं. इलेक्ट्रिक सायकल २४ किलोची, मी ८२ किलोचा. एवढं वजन उतारावर एकाच ब्रेकच्या जिवावर सोडायचं नाही, म्हणून घरी आल्याआल्या काम काढलं.

माझी सायकल ३६ व्होल्टची आहे, मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर आणि दोन्हीकडे केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. रोटरला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीला, दाबून धरणारे पॅड संपलेत हे उघड होतं, पत्र्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर थर उरला होता. रोटर मात्र मला ठीक वाटला. जाडी मोजायला व्हर्नियर लावला, १.७५ मिलिमीटर आली. रोटरवर किमान जाडी १.५ कोरलेली, म्हणजे चालेल असं वाटलं.

मग सहज नख फिरवलं. रोटरच्या कडेवरून आत येताना नख चक्क पायरी उतरल्यासारखं खाली गेलं. पॅड जिथे घासतो तेवढाच पट्टा झिजतो, कडा तशीच राहते. व्हर्नियरचे लांब जबडे त्या कडेवर टेकतात आणि जुनीच जाडी दाखवतात. आमच्या गल्लीतल्या टर्नर काकांकडून मायक्रोमीटर आणला. त्याचं टोक पट्ट्याच्या आत बसतं. १.४२! काका म्हणाले, "हा बदलूनच टाक, विचारसुद्धा करू नकोस." तुमच्याकडे मायक्रोमीटर नसेल तर निदान नख तरी फिरवा.

शनिवारी चाक काढलं. आधी बॅटरी बाहेर, मग मोटरच्या वायरचं कनेक्टर. ते पिळायचं नाही, सरळ ओढायचं. आत बारीक पिना असतात. जोडताना दोन्ही बाण समोरासमोर आणायचे. एक्सलचे नट १८ नंबरच्या पान्याने निघाले. वायसर कोणत्या क्रमाने होते याचा फोटो आधीच काढला होता, कारण त्यातला खाचेत अडकणारा टॉर्क वायसर उलटसुलट बसला तर मोटरच्या जोराने एक्सलच फिरू शकतो आणि वायर पिळवटून तुटते.

खरा वेळ गेला तो रोटरच्या सहा बोल्टांत. पाच निघाले, सहावा हलेना. टी-२५ची टॉर्क्स की खाचेत मातीमुळे पूर्ण बसतच नव्हती. पिनेने माती कोरून काढली, सोल्डरिंग गनचं टोक दोन मिनिटं बोल्टच्या डोक्यावर धरून जुना थ्रेडलॉक (आट्यांना लावलेला गोंद) मऊ केला, टॉर्क्स की हातोडीने हलकेच ठोकून बसवली आणि मग तो "कट्" करून सुटला. इथे घाई करू नका. मोटरचं कव्हर ॲल्युमिनियमचं असतं. त्याचे आटे गेले तर प्रश्न मोटरपर्यंत जातो.

नवा रोटर १६० मिलिमीटरचाच, बाण फिरण्याच्या दिशेने. बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळले, शेवटी ५ न्यूटन-मीटर. पॅड रेझिनचे घेतले. पावसाळ्यात सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड जास्त टिकतात हे खरं, पण काही रोटरवर "फक्त रेझिन पॅड" असं लिहिलेलं असतं, तिथे ते लावायचे नसतात. शिवाय मला रेझिनची पकड आवडते.

आता माझी मुख्य चूक. माझ्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यात, एकच पॅड हलतो, दुसरा जागच्या जागी असतो. लिव्हर सैल वाटला की मी दर वेळी केबलच आवळत आलो. त्याने कॅलिपरचा दांडा आधीच अर्धा फिरून बसतो आणि ऐन वेळी त्याचा जोर लागत नाही. रोटरही वाकून पलीकडच्या पॅडला टेकत राहतो. म्हणून या वेळी केबल पूर्ण सोडली, दांडा मूळ जागी नेला, पलीकडचा पॅड ॲलन कीने रोटरपासून कागदाएवढ्या फटीवर आणला आणि मगच केबल घट्ट केली. आतली तार आणि बाहेरचं आवरणही नवं टाकलं. जुन्या तारेवर गंज होता, त्यामुळे लिव्हर पूर्ण परतत नसे. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा लिव्हरमधला कट-ऑफ स्विच दाबलेलाच राहायचा आणि मोटर अधूनमधून बंद पडायची. मी उगाच मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरवर संशय घेत होतो.

रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर नवे पॅड रोटरवर घासून जमवले: वेग २०पर्यंत, मग चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत हळू दाबत, असं वीसेक वेळा. पहिल्या पाच-सहा वेळा जवळजवळ काहीच पकड नव्हती, दहाव्यानंतर ती येऊ लागली.

काल पुन्हा कात्रजचा उतार केला. लिव्हर अर्ध्यावर थांबतो, आवाज नाही. मायक्रोमीटर परत करण्याआधी पुढचा रोटरही मोजला, १.५८ आहे. दिवाळीआधी तोही बदलणार.