एकाच सालाचे सात सेंट: १९८२चा संच जमवताना

अमेरिकेत ज्याला पेनी म्हणतात तो एक सेंट १९८२मध्ये वर्ष चालू असतानाच बदलला. आधी ९५ टक्के तांबं होतं, मग जस्ताच्या चकतीवर तांब्याचा नुसता पातळ मुलामा आला. त्याच वर्षी सालाच्या आकड्यांचा आकारही बदलला. धातू दोन, आकडे दोन तऱ्हेचे आणि टांकसाळी दोन, असं मिळून त्या एका सालाचे सात प्रकार चलनात आले. हे सातही बँकेतल्या रोलमधून, म्हणजे नाण्यांच्या कागदी गुंडाळ्यांमधून, जमवता आले. मी ते कसे जमवले, ते इथे सांगते.

बँकेत पेटी मागताना वापरातली नाणी हवीत असं स्पष्ट सांगावं, नाहीतर, चलनासाठी नवे सेंट पाडणं २०२५मध्ये थांबलं तोवर, कोरी करकरीत नवी नाणी गळ्यात पडायची. एका पेटीत ५० रोल, रोलमध्ये ५० नाणी, म्हणजे २५०० नाणी आणि किंमत २५ डॉलर. पेटी सहा-सात किलो भरते. तपासून झालेली नाणी दुसऱ्या बँकेत भरावीत. जिथून घेतली तिथेच परत दिली, तर आपलीच नाणी फिरून आपल्या हाती येतात.

पहिल्या चाळणीत फक्त साल बघते. मागे गव्हाच्या लोंब्या असलेली १९५८पर्यंतची नाणी वेगळी, १९८२ वेगळी, बाकीची नंतर. १९८२च्या ढिगावर भिंग लावण्याआधी वजनकाटा घ्यायचा. तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅम, जस्ताचा २.५. फरक इतका ठळक आहे की ०.१ ग्रॅम दाखवणारा काटाही चालतो, मी ०.०१चा वापरते. काटा पंख्याखाली ठेवू नये आणि सुरुवातीला त्यावर पाच सेंटचं निकेल टाकून बघावं. ते बरोबर ५ ग्रॅमचं असतं, त्यामुळे काटा खरा की खोटा ते लगेच कळतं. टेबलावर टाकून आवाज ऐकण्याची युक्तीही आहे, तांबं खणखणतं आणि जस्त बद्द वाजतं, पण नोंद वजनावरूनच करावी.

मग आकडे. लार्ज डेटमध्ये, म्हणजे मोठ्या आकड्यांच्या सालात, २ चा पाया सरळ आणि जाड असतो आणि आकडे काठाच्या जवळ येतात. स्मॉल डेटमध्ये, म्हणजे लहान आकड्यांच्या सालात, २ चा पाया वळणदार असतो, तर ८ चं वरचं वाटोळं खालच्यापेक्षा स्पष्ट लहान दिसतं. मी आधी २ बघते आणि शंका आली तर ८. सालाखाली डी हे अक्षर असेल तर नाणं डेन्व्हरच्या टांकसाळीचं. काहीच नसेल तर ते फिलाडेल्फियाच्या खात्यात धरतात. फिलाडेल्फियाचे चारही मेळ होतात. डेन्व्हरचे तीनच: तांब्यात लार्ज, जस्तात लार्ज आणि स्मॉल. डेन्व्हर, तांबं, स्मॉल डेट हा आठवा मेळ टांकसाळीनं ठरवून काढलाच नव्हता, पण २०१६मध्ये तसं एक नाणं खरोखर सापडलं. म्हणून डेन्व्हरच्या प्रत्येक स्मॉल डेटचं वजन करायचं, कंटाळा आला तरी.

जस्ताच्या नाण्यांची मोठी अडचण म्हणजे मुलामा. त्याखाली फुगे येतात, अक्षरांच्या कडेला तो फाटतो आणि राखाडी जस्ताची रेघ दिसते. नवखे तिलाच दुहेरी ठसा, म्हणजे ठशातच अक्षरं दोनदा कोरली गेल्याची खूण, समजतात. खरा दुहेरी ठसा, म्हणजे डबल्ड डाय, पाहायचा तर १९७२चा फिलाडेल्फियाचा प्रसिद्ध सेंट डोळ्यांसमोर ठेवावा: दोन्ही अक्षरं उठावदार, गोलसर आणि टोकाशी दुभंगलेली. छापताना ठसा सैल असेल तर अक्षराच्या बाजूला सपाट पायरी पडते आणि मूळ अक्षर बारीक होतं. त्याला मशीन डबलिंग म्हणतात आणि त्याला जादा भाव नाही. भिंग १० पट, दिवा एकच आणि बाजूनं. समोरून प्रकाश टाकला की ही पायरी दिसतच नाही.

नाणं घासू नये. चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही नको. देवघरातल्या तांब्याला ते शोभतं, पण संग्रहातल्या नाण्याचा मूळ रंग एकदा गेला की परत येत नाही. तेलकट थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात बुडवते आणि न पुसता वाळू देते. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये, त्यात सुगंध आणि तेल असतं. हा प्रकार खिडकी उघडून, विस्तवापासून लांब करावा. ठेवायला १९ मिलिमीटरचे, मायलारच्या पारदर्शक खिडकीचे पुठ्ठा-होल्डर घ्यावेत. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो.

आणि भारतात येताना कोणासाठी पिशवीभर सेंट आणण्याचा विचार असेल, तर अमेरिकेचा २००७पासूनचा नियम लक्षात ठेवा: सेंट आणि निकेल वितळवायला बंदी आहे, आणि प्रवाशाला अंगावर किंवा सामानात ती साधारणपणे ५ डॉलरपर्यंतच देशाबाहेर नेता येतात.