झिजलेल्या वाहणा

"हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून?" वाचक भेटला की हा प्रश्न ठरलेला. त्याच्या पाठोपाठ, जरा आवाज खाली आणून, "मलाही फँटसी लिहायचीय, काय करू?" इतकी वर्षं मी 'सुचतं आपलं' म्हणून वेळ मारून नेली. परवा एका मुलीने वही उघडून, पेनाचं टोपण काढून विचारलं आणि मला माझीच लाज वाटली. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी दिवसभर हिशेब खात्यात व्हाउचरं तपासते आणि पहाटे, नळाला पाणी यायच्या आधीचा दीड तास, कादंबरी लिहिते. पहिली कादंबरी लिहिली तेव्हा ही दोन कामं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती. नायक, ताईत, शापित डोंगर, सगळा सरंजाम होता. हस्तलिखित आईला वाचायला दिलं. आठवडाभराने चष्मा पुसत ती म्हणाली, "तेरा दिवस चाललाय हा. पाय नाही दुखले त्याचे?"

"अगं, तो जादूच्या मुलखात आहे."

"असू दे की. पाय त्याचेच ना?"

मी चिडले. एका प्रकाशकाकडून ते बाड 'बालविभागाकडे द्यावे' असा शेरा घेऊन परत आलं, तेव्हा आणखी चिडले. (हा शेरा आमच्या नशिबी कायमचाच. वास्तविक मराठी कादंबरीचं बालपण अद्भुतातच गेलंय. 'मुक्तामाला' 1861 ची, 'मंजुघोषा' 1868 ची. हरिभाऊ आपट्यांनी तिला मध्यमवर्गाच्या माजघरात आणून बसवली ती त्यानंतर. पण हे भांडण पुन्हा कधीतरी.)

आईचं माहेर शिरोड्याजवळ. मे महिन्यात आजी आम्हाला आरवलीला वेतोबाच्या देवळात न्यायची. वेतोबा म्हणजे गावाचा राखणदार, नऊ फुटी उभा देव. त्याला केळ्यांचा घड देतात आणि वाहणा देतात. चामड्याच्या, हातभर लांब, कुठल्याही माणसाच्या पायात न बसणाऱ्या. देव रात्री गावात फेरी मारतो, म्हणून त्या लागतात. लहानपणी मी त्या ढिगापाशी उकिडवी बसून तळवे बघत होते. आजीला विचारलं, "ह्या झिजतात?" ती म्हणाली, "रातभर फिरता तो. व्हाणो झिजतल्यो नाय तर काय?"

तिच्या आवाजात भक्तीचा कढ नव्हता, गूढ सांगतोय असा आवही नव्हता. पाऊस आला तर कौलं गळणारच, त्या सुरात ती बोलली. पूर्वी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, म्हणून गावात फणसाचं लाकूड घरकामाला वापरायचं नाही, हेही तिनेच सांगितलं. म्हणजे देव देवळात उभा, पण त्याच्यामुळे सुतार झाड तोडताना थबकणार आणि चांभाराला जगात कोणी मागत नाही त्या मापाचं काम मिळणार.

आईचा प्रश्न आणि आजीचं उत्तर एकच होतं, हे कळायला मला दुसरी कादंबरी अर्धी फाडावी लागली. व्हाउचर तपासताना मी रोज विचारते, "खर्च झाला म्हणता, पावती कुठंय?" अद्भुतालाही तेच विचारायचं. देव चालला? वाहण दाखवा.

लिहिणाऱ्यांपैकी कोणाचा प्रभाव, असंही विचारतात. 'चांदोबा'तला वेताळ सगळ्यांसारखा माझ्याही मानगुटीवर बसला. त्याची अट आठवून बघा. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शंभर शकलं, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. शहाणपण दाखवलं की फेरी वाया. मूर्ख राजा हा खेळ पहिल्याच रात्री जिंकला असता! तुमच्या जादूला नियम हवेत, असं सगळेच सांगतात. पण नियम कसा, तर ज्याच्या अंगी गुण आहे त्यालाच तो नडला पाहिजे. अट अशी बसली की गोष्ट पुढे जायला वेगळा खलनायक लागत नाही.

आणि दुसरा आमचा पैठणचा गुणाढ्य. कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहात त्याची कथा आहे. सातवाहन राजाला जलक्रीडेत राणी म्हणाली 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. राजाने मोदक मागवले. फजिती झाली, व्याकरण शिकायचं ठरलं. दरबारी पंडित गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. शर्ववर्म्याने ते करून दाखवलं आणि पैजेपायी गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत, देशी तिन्ही भाषा सोडल्या. रानात जाऊन पैशाची नावाच्या, पिशाचांच्या भाषेत सात लाख श्लोक लिहिले, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने ते हेटाळून परत पाठवले. मग तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी.

लेखक मंडळींना यातलं रक्त फार आवडतं. नकार आला की आम्ही सगळे गुणाढ्य. मला त्याच्या पुढचं आवडतं. राजा आजारी पडतो. वैद्य म्हणतात, सुकं मांस खाण्यात येतंय. आचाऱ्याला धरतात, तो पारध्यांकडे बोट दाखवतो, आणि पारधी सांगतात की रानातले प्राणी चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून एका ब्राह्मणाची गोष्ट ऐकत बसलेत. राजा धावत जातो तेव्हा एक लाख श्लोक उरलेले असतात.

कथेची ताकद सांगायला कोणीही फुलं पाडली असती. या कथाकाराने ती ताकद रानातून थेट राजाच्या ताटात आणून वाढली. चरणं थांबलं, मांस सुकलं, पोट बिघडलं. एवढी जोडणी मला दहा वर्षांत एकदा जमली तर मी पेढे वाटीन.

तेव्हा त्या वहीवाल्या मुलीला माझं सांगणं एवढंच. नकाशे, राजवंशावळी, नव्या लिप्या नंतर काढ. आधी तुझ्या जगात एक चमत्कार घडव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या झाडूवालीला काय जास्तीचं काढावं लागलं ते लिही. नावं ठेवताना ती मोठ्याने हाक मारून बघ. ज्या नावाने आई पोराला जेवायला बोलावू शकत नाही, ते नाव पहिल्या भांडणातच मोडतं. आणि तुझ्या घरात कोणी पावती मागणारं असेल तर त्याच्यावर चिडू नकोस. मी चिडले, त्यात चार वर्षं गेली.

सध्याची कादंबरी एका होडीची आहे. खाडीच्या या काठावरून मेलेली माणसं पलीकडे नेणारा तांडेल आहे, त्याचं भाडं आहे, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे. अकरा प्रकरणं झाली. या वेळी पावत्या चोख आहेत अशा गुर्मीत आईला दिलं. ती आता ऐंशीची आहे, भिंग लावून वाचते.

"छान आहे," म्हणाली. "पण परतताना होडी रिकामीच येते का गं?"

गणपती झाले, दिवाळी झाली. होडी अजून पलीकडेच उभी आहे.