चामखिळी अँगलरची नोंदवही: सोलापूर, सप्टेंबर ते जून

सप्टेंबर

मुंबईच्या विक्रेत्याने पिशवीवर ‘रेड अँगलर’ असे लिहून पाठवलेला, जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीचा मासा रात्रीच्या गाडीने सोलापुरात पोहोचला, तेव्हा त्याच्या अंगावर लाल म्हणावे असे काहीच नव्हते. तो फिकट पिवळसर होता आणि डोळ्यामागे तांबूस रंगाचा एक त्रिकोणी डाग होता. यात विक्रेत्याची लबाडी असेलच असे नाही. फ्रॉगफिश कुळातील मासे आजूबाजूच्या स्पंजांशी आणि दगडांशी मिळताजुळता रंग काही दिवसांत किंवा आठवड्यांत धारण करतात, आणि व्यापारात तर हाताला लागलेल्या कोणत्याही फ्रॉगफिशला त्या दिवशीच्या रंगावरून नाव दिले जाते. म्हणून पिशवीवरचे नाव बाजूला ठेवून मासा नक्की कोणत्या जातीचा आहे हे ठरवणे, हेच या नोंदवहीचे पहिले काम होते. जात कळल्याशिवाय टाकी किती मोठी हवी हेही कळत नाही, कारण लहानपणी एकसारख्या दिसणाऱ्या या पिलांपैकी एक जन्मभर मुठीएवढे राहते, तर दुसरे फूटभर वाढते.

आपल्या छंदातील नवीन मंडळींकडून वारंवार येणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर येथेच देतो. २०२५ च्या सुरुवातीला टेनेरिफ बेटाजवळ पाण्याच्या पृष्ठभागालगत दिसलेल्या काळ्या ‘सीडेव्हिल’ची चित्रफीत सर्वत्र फिरली आणि तेव्हापासून शेजारची मुले टाकीपुढे उभी राहून ‘काका, याचा दिवा कधी पेटतो हो?’ असे विचारत असतात. तो मासा मेलॅनोसीटस जॉन्सोनाय. तो शेकडो ते हजारो मीटर खोलीवरच्या अंधारात राहतो, आणि पृष्ठभागाजवळ आलेला तो नमुनाही काही तासांत मेला. प्रत्येक दहा मीटर खोलीला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढत जातो. तो दाब, ती थंडी आणि तो अंधार कोणत्याही घरगुती टाकीत निर्माण करता येत नाही. आपण पाळतो ते त्याच अँगलर गणातले, पण उथळ पाण्यातील प्रवाळ-खडकांत राहणारे फ्रॉगफिश. डोक्यावरच्या काठीच्या टोकाला असलेल्या, भक्ष्य जवळ ओढणाऱ्या त्यांच्या आमिषाला प्रकाश नसतो. ते दिसते ते केवळ आकाराने आणि हालचालीने.

ओळख पटवताना मी चार गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे कल्ल्याचे छिद्र. विंचूमासे आणि स्टोनफिश दुरून फ्रॉगफिशसारखेच खडबडीत दिसतात आणि स्टोनफिशच्या पाठीवरचे काटे अतिशय विषारी असतात, त्यामुळे ही तपासणी केवळ हौसेची नाही. फ्रॉगफिशला नेहमीसारखे कल्ल्याचे उघडझाप करणारे रुंद झाकण दिसत नाही. कोपरासारख्या वाकलेल्या छातीच्या पराच्या मागे एक लहान गोल छिद्र असते आणि तोंडात घेतलेले पाणी तेथून बाहेर पडते. हेच पाणी जोराने सोडून तो पुढे झेपावतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आमिष धरणाऱ्या गळकाठीची लांबी. ही काठी म्हणजे पाठीच्या पराचा पहिला काटा. तिच्या मागे डोक्यावर दुसरा, जाड काटा असतो. एरवी काठी मागे दुमडलेली असल्यामुळे तिचे माप घेता येत नाही. भक्ष्य दिसल्यावर मासा ती पुढे करून हलवू लागला की काचेला समांतर असताना छायाचित्र घ्यावे आणि दोन्ही काट्यांची लांबी पडद्यावर मोजून गुणोत्तर काढावे. माझ्या माशाची काठी दुसऱ्या काट्याच्या जवळजवळ दुप्पट भरली. एवढ्यावरून फ्रॉगफिशच्या अँटेनेरियस स्ट्रायेटस आणि हिस्पिडस या दोन जाती बाद झाल्या, कारण त्यांची काठी साधारण दुसऱ्या काट्याएवढीच असते. शिवाय स्ट्रायेटसचे आमिष गांडुळांच्या जुडग्यासारखे असते आणि हिस्पिडसचे गोंड्यासारखे. हिस्पिडस आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यांतही सापडतो, त्यामुळे ‘देशी अँगलर’ म्हणून कोणी मासा दिला तर आधी गोंडा पाहावा.

लांब काठीवाल्यांत तीन नावे उरली: मॅक्युलेटस, पिक्टस आणि कॉमर्सोनाय. येथे तिसरी गोष्ट, आमिषाचा आकार, कामी येते. मॅक्युलेटसचे आमिष लहानशा माशासारखे असते, तर कॉमर्सोनायचे कोळंबीसारखे. आमिषावर एकट्याने विसंबू नये, कारण ते कधी कधी तुटते आणि पुन्हा उगवते. अर्धवट उगवलेल्या आमिषावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. म्हणून चौथी गोष्ट पाहिली ती त्वचा आणि परांतील काट्यांची संख्या. कॉमर्सोनायच्या पाठीच्या मऊ परात बहुधा १३ काटे असतात, बाकी दोघांच्या १२. पिक्टसच्या अंगावर स्पंजाच्या तोंडांसारखे गोल ठिपके असतात आणि शेपटीवर बहुधा असे तीन ठिपके दिसतात. माझ्या माशाच्या अंगावर ठळक चामखिळी, परांच्या कडांना नारिंगी रेघ, डोळ्यामागे तो त्रिकोणी डाग आणि पाठीवर खोगिरासारखे पट्टे होते, तर १२ काटे मी दोन वेगवेगळ्या छायाचित्रांत मोजले. मासा अँटेनेरियस मॅक्युलेटस, म्हणजे व्यापारातला ‘वॉर्टस्किन’. हा फार तर १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि टाकीत बहुधा त्याहून लहानच राहतो. म्हणून माझी तीन फुटी, सुमारे १५० लिटरची टाकी त्याला पुरेल, असे मी ठरवले. फूटभर वाढणारा कॉमर्सोनाय निघाला असता तर मी तो परत पाठवला असता.

ऑक्टोबर

टाकीविषयी थोडक्यात. उजनी धरणाचे पाणी जड आहे आणि नळाला ते रोज येत नाही, म्हणून आरओचे पाणी आधीच पिंपात साठवून त्यात समुद्री मीठ मिसळतो आणि खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२४ ठेवतो. तापमान २५ ते २६ अंश, पीएच ८.१ ते ८.३, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. आसऱ्यासाठी जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळ-खडक ठेवलेले नाहीत, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांना संरक्षण आहे. जो विक्रेता ते सहज हातात ठेवतो त्याच्याशी व्यवहारच करू नये. त्याऐवजी कुंभाराकडून आणलेली, चकाकी न दिलेली भाजलेली खापरे रचली आहेत. ती सच्छिद्र असतात, जिवाणूंना जागा देतात आणि माशाला पकड मिळते. पाण्याचा प्रवाह मंद ठेवला आहे; फ्रॉगफिश पोहत नाही, चालतो, आणि जोरदार प्रवाहात तो दिवसभर एकाच जागेला धरून बसतो. पाण्यातली घाण फेसाबरोबर काढून टाकणारा प्रोटीन स्किमर मात्र टाकीच्या मानाने मोठाच घ्यावा, कारण हा मासा क्वचित खातो पण खातो तेव्हा भरपूर घाण करतो.

टाकीत दुसरा मासा नाही आणि येणारही नाही. फ्रॉगफिश आपल्याहून लांब मासाही गिळू शकतो. तोंडाची पोकळी बारा पटींपर्यंत फाकते आणि भक्ष्य आत ओढण्याची क्रिया सुमारे ६ मिलिसेकंदांत पूर्ण होते. हे आकडे फ्रॉगफिशवर वर्षानुवर्षे काम केलेल्या थिओडोर पीच आणि डेव्हिड ग्रोबेकर या संशोधकांनी वेगवान चित्रणावरून मांडले. आपल्या डोळ्यांना दिसते ते एवढेच की कोळंबी होती आणि आता नाही.

डिसेंबर ते जानेवारी

सर्वांत अधिक वेळ गेला तो खाण्याच्या सवयीत. नवा आलेला फ्रॉगफिश हलत नसलेल्या वस्तूला अन्न मानत नाही, म्हणून सुरुवातीला बाजारात मिळणारे लहान जिवंत झिंगे दिले. ते गोड्या पाण्यातले असल्यामुळे समुद्री पाण्यात फार काळ तगत नाहीत, पण मासा तेवढी वाट पाहत नाही. देण्याआधी एक दिवस त्यांना समुद्री माशांचे चांगले खाद्य खाऊ घालावे. रिकाम्या पोटाचा झिंगा म्हणजे नुसते कवच. दुकानदार स्वस्तात देऊ करतात ते गोल्डफिश या माशाला कधीही देऊ नयेत. त्यांत थायामिनेज नावाचे विकर असते, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते, आणि गोड्या पाण्यातील माशांची चरबीही समुद्री माशाला मानवत नाही. असे वाढवलेले मासे काही महिने ठणठणीत दिसतात आणि मग कारण न कळता जातात.

पुढची पायरी म्हणजे काडीवरचे खाद्य. पारदर्शक अॅक्रिलिकच्या बारीक काडीला सोललेल्या कोळंबीचा तुकडा टोचून तो माशासमोर, पण त्याच्या अंगावर न नेता, थांबत थांबत हलवावा. घाई केली तर मासा तोंड फिरवतो. ‘जांभई’ पाहून तो भुकेला आहे असेही समजू नये. पोट भरल्यावर, जागा बदलताना आणि कधी कधी काहीही कारण नसताना तो जांभई देतो. भुकेची खात्रीची खूण एकच: काठी उभी राहते आणि आमिष नाचू लागते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या (जत्रेच्या) दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या मध्याला, त्याने काडीवरची मेलेली कोळंबी पहिल्यांदा घेतली, आणि त्यानंतर जिवंत झिंगे हळूहळू बंद करता आले. आता कोळंबी, माकूळ (स्क्विड) आणि अधूनमधून माशाचा तुकडा असा पालट करतो व घासावर जीवनसत्त्वांचे थेंब टाकतो. आठवड्यातून दोनदा खाऊ घालणे पुरते. घास माशाच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नसावा, कारण पोटात न पचलेले मोठे भक्ष्य कुजून वायू तयार होतो आणि मासा उलटा तरंगू लागतो.

या काळात मासा गंजासारखा तांबूस झाला. तोच रंग शेजारच्या खापराचा आहे. काठीचे गुणोत्तर पुन्हा मोजले, ते बदललेले नाही.

एप्रिल ते मे

सोलापुरात हा छंद टिकतो की नाही ते उन्हाळा ठरवतो. बाहेर पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारी खोलीत ३८. मुंबईच्या मित्रांचा सल्ला असतो की पंख्याने टाकी थंड होत नाही, लगेच चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्या. त्यांच्या दमट हवेत ते बरोबर आहे, पण आपली एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की पाण्यावर सरळ वारा सोडणारे दोन लहान पंखे तापमान चार-पाच अंशांनी खाली आणतात. त्याची किंमत बाष्पीभवनात चुकवावी लागते. टाकीतून रोज चार लिटरच्या आसपास पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते, म्हणून भर घालताना मिठाचे नव्हे तर साधे आरओचे पाणी घालावे आणि तेही थोडे थोडे. एप्रिल अखेरपर्यंत पंखे पुरले. मे महिन्यात चिलर लावावाच लागला.

वीज गेल्यावरचा प्रश्न वेगळा आहे. घरचा इन्व्हर्टर चिलर ओढत नाही, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे आधी हवा, मग थंडावा असा क्रम ठेवावा. बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीशेजारीच टांगून ठेवला आहे, आणि मिठाच्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या फ्रीझरमध्ये कायम असतात. बाटली पाण्यात तरंगत ठेवावी, फोडून ओतू नये.

एक सूचना याच ऋतूतली. टाकी साफ करताना मासा कधीही पाण्याबाहेर उचलू नये. घाबरला की तो पाणी गिळून फुगतो. हवेत असेल तर हवा गिळतो, आणि ती त्याला स्वतःहून बाहेर काढता येईलच असे नाही. पाण्याखालीच काचेचे भांडे त्याच्यापुढे धरून त्याला चालत आत जाऊ द्यावे.

जून

पहिला पाऊस झाला आणि हवेतील दमटपणा वाढताच पंख्यांचा उपयोग संपला. आता सारी भिस्त चिलरवर आहे. याच आठवड्यांत माशाचे पोट एका दिवसात भलतेच फुगले. दोन शक्यता होत्या: वायू किंवा अंडी. वायू असेल तर मासा मागची बाजू वर करून तरंगतो आणि काठी दुमडलेली ठेवतो. हा मात्र तळाला घट्ट बसलेला होता व पोट दोन्ही बाजूंनी सारखे वाढले होते. खाणे थांबवून वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पृष्ठभागाखाली पारदर्शक, गुंडाळीसारखी जेलीची पट्टी तरंगत होती आणि तिच्यात बारीक अंडी ओळीने जडलेली होती. बाहेरून फ्रॉगफिशचा नर-मादी भेद सांगता येत नाही. येथे तो आपोआप कळला. नर नसल्यामुळे अंडी फलित होणे शक्य नव्हते आणि एवढी जेली कुजली असती तर लहान टाकीचा अमोनिया हमखास चढला असता, म्हणून पट्टी मऊ जाळीने अलगद काढून घेतली, पंधरा लिटर पाणी बदलले आणि दोन दिवस अमोनिया तपासला. तो शून्य राहिला.

मादीने त्यानंतर चार दिवस काडीकडे पाहिले नाही. पाचव्या दिवशी काठी उभी राहिली आणि माकळाचा लहान तुकडा तिने घेतला. ज्यांच्याकडे मॅक्युलेटसची एकटी मादी आहे त्यांनी दोन अंडपट्ट्यांमधले अंतर, त्या काळातले तापमान आणि खाण्याचे प्रमाण यांच्या नोंदी कळवाव्यात. चिलरवर २५ अंश आणि २७ अंश ठेवलेल्या टाक्यांची तुलना मला करायची आहे.