मुंबईत शाळा सुरू, पुण्यात बंद

आज २४ जानेवारी २०२२. राज्याने कोरोनामुळे बंद असलेल्या शाळा उघडायला परवानगी दिली, पण निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला. मुंबईत आजपासून पहिलीचे वर्गही भरले. ताईने सकाळीच भाचीचा गणवेशातला फोटो पाठवला. तो पाहून माझा दुसरीतला लेक म्हणाला, "आई, मग माझी शाळा का नाही?" काय सांगू त्याला? पुण्यात रुग्ण वाढताहेत, कबूल. पण मॉल, हॉटेलं निम्म्या क्षमतेने चालू आहेतच ना? मग मुलांनाही दिवसाआड निम्मी निम्मी बोलवा! पहिलीपासून हा पोरगा मोबाईलवरच शिकतोय. तोंडी उत्तरं पटापट देतो, पण वही उघडली की दोन ओळींत हात दुखतो, जोडाक्षर आलं की अडतो. पुण्याच्या पुढच्या कोरोना आढावा बैठकीत हेही बोला हो कुणीतरी.