सोनोग्राफीने कॅन्सर बरा होतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी औषध वाहून नेणाऱ्या कणांवर काम करते म्हटलं की हा प्रश्न येतोच, आणि नुसतं "नाही" म्हटलं तर कुणाचं समाधान होत नाही.

अल्ट्रासाऊंड, म्हणजे सोनोग्राफीत वापरतात त्याच ध्वनिलहरी, इथे औषध नाहीच, औषधाने कुठे उतरायचं तेवढं ते ठरवतं. इम्युनोथेरपीत आपल्याच टी-पेशींचे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, ब्रेक सोडतात (या शोधासाठी ॲलिसन आणि होंजो यांना 2018 चं नोबेल), पण गाठीत टी-पेशी शिरल्याच नसतील तर ब्रेक सोडून काय उपयोग? आणि या पेशींना चेतवणारं इंटरल्यूकिन-12 हे प्रथिन थेट शिरेतून दिलं तर पेशंटलाच झेपत नाही. म्हणून औषध लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशवीत भरायचं आणि बाहेरून लहरी एकवटून ते गाठीतच सोडायचं.

हे फक्त उंदरांत झालंय असं नाही हां. ऑक्सफर्डला लिव्हरमध्ये गाठी असलेल्या 10 पेशंटना डॉक्सोरुबिसिन (तेच ते लाल किमो) उष्णतेने फुटणाऱ्या लायपोसोममधून दिलं, अल्ट्रासाऊंडने एकच गाठ कोमट केली, आणि 7 जणांच्या गाठीत औषध दुपटीपासून दहापटीपर्यंत वाढलं. 2018 चा पेपर आहे. त्यात इम्युनोथेरपी नव्हती, पण डॉक्सोरुबिसिनने मरणारी पेशी जाता जाता प्रतिकारशक्तीला जागं करते, आमचा इंटरेस्ट तिथे.

दुसरं म्हणजे मायक्रोबबल, लाल रक्तपेशीपेक्षाही लहान बुडबुडे. कुपी मशीनमध्ये 45 सेकंद हलवली की पाण्यासारखं द्रव दुधाळ होतं, मला ते अजूनही बघायला आवडतं. लहरी पडल्या की हे बुडबुडे रक्तवाहिनीत फुगतात-आकसतात, तिची भिंत थोडा वेळ सैल होते, अगदी मेंदूतसुद्धा. टोरांटोच्या सनीब्रुक हॉस्पिटलमध्ये ट्रॅस्टुझुमॅब ही औषध म्हणून देतात ती अँटिबॉडी अशीच मेंदूत पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरपर्यंत पोचवली, 2021 मध्ये, पेशंट फक्त चार. गंमत बघा, बाहेर त्वचेवरच्या जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तो लहरीच अडवतो, म्हणजे बुडबुडे आत पाहिजेत आणि बाहेर अजिबात नकोत.

"मग पुण्यात कुठे करतात?" नेहमीच्या उपचारात हे अजून आलेलं नाही, आणि सोनोग्राफी सेंटरचं मशीन चित्र काढायला असतं, त्याने हे होत नाही. कुणी पॅकेज विकत असेल तर लांब राहा. इम्युनोथेरपीच्या खर्चाचाच प्रश्न असेल तर डॉक्टरांना निवोलुमॅबच्या (टी-पेशींचे ब्रेक सोडणारं औषध) 20 मिलिग्रॅम डोसबद्दल विचारा, टाटा मेमोरियलने डोकं-मानेच्या कॅन्सरवर ट्रायल केली होती, गोळ्यांच्या जोडीला हा डोस दिल्यावर वर्षभर जगणारे 16 वरून 43 टक्क्यांवर गेले, आणि नेहमीचा डोस 240 चा असतो.